खाऱ्या हवेत इटालियन गाडी : वाचकांचे प्रश्न

या खेपेला आलेल्या पत्रांतली बरीचशी एकाच जातीच्या गाड्यांबद्दल होती : जुन्या इटालियन स्पोर्ट-टुरिंग. म्हणजे लांबचा पल्ला गाठणाऱ्या, मागे माणूस आणि बाजूला सामानाचे डबे घेणाऱ्या, आणि तरीही घाटात चपळ वळणाऱ्या गाड्या. नव्या असताना त्यांची किंमत ऐकूनच माणूस मागे फिरतो. दहा-बारा वर्षं झाली की किंमत खाली येते आणि मग आपल्याकडचा हौशी माणूस मनातल्या मनात हिशेब मांडू लागतो. हौस खरी असते आणि गाड्याही खऱ्याच चांगल्या असतात, म्हणून उत्तरं जरा सविस्तर देतो. माझं गॅरेज रत्नागिरीत आहे, हात लाँचच्या डिझेल इंजिनांवर बसलेला आहे. खारं वारं धातूचं काय करतं ते रोज बघतो. त्यामुळे पुढे सगळीकडे एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल : किनाऱ्यावर गाडी घेताना किलोमीटरच्या आधी वर्षं मोजायची, आणि त्यातली किती वर्षं ती नुसती उभी होती ते विचारायचं.

प्रश्न : मुंबईत ओळखीतून डुकाटी एसटी४एस बघितली. २००२ चं मॉडेल, इंजिन सुरू होतं, आवाज ऐकून अंगावर काटा आला. किंमत आंब्याच्या एका बऱ्या हंगामात बसेल अशी आहे. कागद ‘करून मिळतील’ असं विकणारा म्हणतो. घेऊ का?
*– एक बागायतदार, देवगड*

नको. कारण गाडी वाईट आहे असं नाही, म्हणून आधी गाडीबद्दल सांगतो.

डुकाटीने १९९७ मध्ये एसटी२ आणली. ९४४ सीसी, एका सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह, पाण्याने गार होणारं इंजिन, नळ्यांची जाळीदार चेसिस, २१ लिटरची टाकी. पुढे त्याच अंगात ९१६ चं चार व्हॉल्व्हचं इंजिन घालून एसटी४ झाली. २००१ मध्ये ९९६ चं इंजिन आणि मागे ओलिन्स कंपनीचा शॉकअप घेऊन तुम्ही बघितलेली एसटी४एस आली, ताकद ११७ हॉर्सपॉवरच्या आसपास. २००४ मध्ये तीन व्हॉल्व्हची एसटी३ आली आणि २००७ पर्यंत हे घराणं संपलं. तुम्ही ऐकलात तो खडखडाट बहुधा कोरड्या क्लचचा. त्या काळच्या डुकाटीत क्लच ऑइलमध्ये बुडालेला नसतो, प्लेटा उघड्या वाजतात. चालवायला एसटी४एस सगळ्यांत जोरकस. पण सांभाळायला कोणती सोपी असं मला कुणी विचारलं तर मी एसटी२ म्हणेन : व्हॉल्व्ह निम्मे, त्यामुळे कामही निम्मं.

आता कागद. डुकाटी भारतात अधिकृतपणे आली ती २००८ मध्ये. एसटी त्याआधीच बंद झाली होती. म्हणजे आपल्याकडे दिसणारी एकही एसटी इथल्या शोरूममधून विकली गेलेली नाही. जी आहे ती कुणीतरी बाहेरून आणलेली आहे. आणण्याचे रीतसर मार्ग होते : नवी असताना पूर्ण ड्यूटी भरून, किंवा परदेशात राहणारा माणूस कायमचा परत येताना नियमात बसवून. अशा गाडीकडे बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्समधून रीतसर आत आल्याचा कागद असतो, ड्यूटी भरल्याची पावती असते, आरटीओत नोंद असते. तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी आयात करायला आपल्याकडे बंदी आहे. त्यामुळे २००२ च्या गाडीचे कागद आज ‘करून’ मिळूच शकत नाहीत. काही गाड्या परदेशी प्रवासी कार्ने नावाच्या तात्पुरत्या परवान्यावर आणतात. त्यावर ड्यूटी भरलेली नसते आणि गाडी मुदतीत देशाबाहेर जायलाच हवी. तीच इथे कुणाला विकली गेली असेल तर कस्टम्स केव्हाही उचलून नेईल, आणि तुमच्या बाजूने बोलायला एकही कागद नसेल.

विकणाऱ्याला एवढंच सांगा : मूळ बिल ऑफ एंट्री दाखवा. दाखवलं तर त्यावरचा चेसिस नंबर गाडीच्या मानेवर कोरलेल्या नंबराशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. इटलीत बनलेल्या डुकाटीचा नंबर झेड-डी-एम या अक्षरांनी सुरू होतो. मग आरसी, आणि परिवहन खात्याच्या ॲपवर तोच नंबर, तीच कंपनी, तेच वर्ष येतं का ते बघा. दुसऱ्याच कुठल्या दुचाकीची नोंद या गाडीच्या माथी मारलेली असेल तर ती इथेच उघडी पडते. कागद दाखवायला टाळाटाळ झाली तर चहा पिऊन उठा. असली गाडी कशेडी ओलांडून घरी आणलीत तरी पोलिसाची शिट्टी ऐकली की पोटात गोळा येणार. आवडीची गाडी अशी चालवू नये.

प्रश्न : काका, डेस्मो डेस्मो म्हणतात ते नक्की काय असतं? आणि त्याची सर्व्हिस महाग का?
*– आयटीआयचा एक विद्यार्थी, रत्नागिरी*

बाळा, तुझ्या वर्कशॉपमधलं कुठलंही साधं इंजिन घे. व्हॉल्व्ह कॅमने, म्हणजे फिरत्या दांड्यावरच्या उंचवट्याने उघडतो आणि स्प्रिंगने मिटतो. इंजिन फार जोरात फिरायला लागलं की स्प्रिंग मागे पडते, व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही. पूर्वी स्प्रिंगचं पोलादही आजच्याइतकं चांगलं नव्हतं, ती तुटायची. डेस्मोत मिटवायचं कामही कॅमकडेच दिलंय. प्रत्येक व्हॉल्व्हला दोन रॉकर : एक दाबून उघडतो, दुसरा ओढून मिटवतो. डुकाटीचे इंजिनिअर फाबिओ ताल्योनी यांनी हे १२५ सीसीच्या रेसच्या गाडीत बसवलं आणि ती गाडी १९५६ मध्ये स्वीडनच्या ग्रां प्रीत पहिल्याच शर्यतीत जिंकली. रस्त्यावरच्या गाडीत ते १९६८ पासून आलं.

सर्व्हिस महाग का, ते आता तूच काढ. चार व्हॉल्व्हची दोन सिलिंडरं म्हणजे आठ व्हॉल्व्ह. प्रत्येकाला उघडायची फट वेगळी आणि मिटायची वेगळी. सोळा फटी फिलर गेजने मोजायच्या, ज्या चुकल्या असतील तिथे मापाची शिम, म्हणजे पातळ चकती घालायची, पुन्हा मोजायचं. मिटायची फट सैल राहिली तर व्हॉल्व्ह बुडावर नीट बसत नाही आणि हळूहळू जळतो. त्यात टाकी काढा, एअरबॉक्स काढा, रेडिएटर सरकवा. पैसे लागतात ते बहुतांशी या वेळेचे. शिकायची इच्छा असेल तर ये गॅरेजवर, टॅपेटला हात लावायच्या आधी मायक्रोमीटर धरायला शिकवेन.

प्रश्न : पुण्यात डुकाटी मल्टिस्ट्राडा १२०० मिळतेय. २०१२ ची, एकच मालक, फक्त नऊ हजार किलोमीटर. चकाचक आहे. इतकी कमी चाललेली गाडी म्हणजे जवळजवळ नवीच ना?
*– एक दुकानदार, चिपळूण*

कागदाच्या बाबतीत तुम्ही देवगडच्या वाचकांपेक्षा सुखी आहात. ही इथे रीतसर विकली गेलेली गाडी आहे. पण ‘जवळजवळ नवी’ हे शब्द मनातून काढा.

गाडी कशी आहे ते आधी. ११९८ सीसी, १५० हॉर्सपॉवर, पेट्रोलसकट वजन सव्वादोनशे किलोच्या आसपास. बटण दाबून चार स्वभाव बदलता येतात : स्पोर्ट, टुरिंग, अर्बन, एंड्युरो. अर्बन आणि एंड्युरोत ताकद शंभरावर येते, आणि आपल्या पावसात घसरड्या डांबरावर तेवढी पुरते. क्लच ऑइलमधला आहे, त्यामुळे एसटीसारखा खडखड नाही. आंबा घाटात टुरिंगमध्ये तिसऱ्या गिअरवर ती जी चढते ती चालवून बघावी अशीच आहे. मला ही गाडी मनापासून आवडते आणि योग्य माणसाकडे योग्य स्थितीत असेल तर जरूर घ्यावी.

आता नऊ हजार किलोमीटरचा अर्थ. या इंजिनात कॅम फिरवायला रबरी टायमिंग बेल्ट आहेत, प्रत्येक सिलिंडरला एक. कंपनीचं सांगणं आहे : २४,००० किलोमीटर किंवा पाच वर्षं, जे आधी होईल ते, आणि बेल्ट बदला. तुमच्या गाडीने २४,००० गाठलेले नाहीत, म्हणून मालकाला वाटतं काम आलेलंच नाही. पण पाच वर्षं २०१७ मध्येच संपली आणि पुढची पाच २०२२ मध्ये. त्यात गाडी महिनोन् महिने उभी राहिली असेल तर बेल्ट पुलीवर एकाच जागी वाकलेला राहतो, रबर तिथे कडक होतं. बेल्ट तुटला किंवा दात सरकले की उघडा व्हॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन एकमेकांवर आदळतात. मग बेल्टचं बिल राहत नाही, इंजिनाचं होतं.

म्हणून पहिला प्रश्न हा : बेल्ट शेवटचे कधी बदलले, बिल दाखवा. ‘सर्व्हिस वेळच्या वेळी केलीय’ हे उत्तर नव्हे. दरवर्षी ऑइल बदललेलं असतं आणि बेल्ट मूळचेच असतात, असं पुष्कळदा असतं. बिल नसेल तर बेल्ट जुनेच आहेत असं धरून चाला, गाडी चालवत आणू नका, टेम्पोत घालून सरळ मुंबई-पुण्याच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला किंवा या इंजिनावर हात बसलेल्या मिस्त्रीकडे न्या. बेल्ट आणि व्हॉल्व्हची तपासणी एकत्रच करून घ्या, कारण उघडझाप तीच असते. या कामाचा अंदाज आधी लेखी मागवा आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागा. बिल असलेली पंचवीस हजार किलोमीटरची गाडी आणि बिल नसलेली नऊ हजारांची, या दोन्हींत मी पहिली घेईन, थोडे पैसे जास्त देऊन घेईन.

गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला आदल्या दिवशीच सांगा की इंजिन सुरू करून ठेवू नका. गेल्यावर पहिला हात इंजिनाला लावा. गरम लागलं तर एखादी तक्रार झाकायला आधीच चालवून ठेवलं असण्याची शक्यता आहे. थंड इंजिन एका दाबात सुरू झालं पाहिजे. मोठ्या दोन सिलिंडरांना फिरवायला बॅटरी दणकट लागते. स्टार्टर रडत फिरला तर निदान बॅटरी गेलीय. मल्टिमीटर सोबत न्या : इंजिन थोडं चढवल्यावर बॅटरीच्या टोकांवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. कमी-जास्त दिसले तर रेक्टिफायर, म्हणजे बॅटरीला जाणारी वीज सांभाळणारा भाग संशयास्पद, आणि जुन्या डुकाटीत तो जाणं नवलाचं नाही.

मग सीट काढा आणि वायरिंगचे कपलर एक-दोन सोडवून आत बघा. पितळी पिना पिवळ्या असाव्यात. हिरवट पूड दिसली म्हणजे आत ओल शिरलीय. अशी गाडी पुण्यात चालते आणि चिपळूणच्या पहिल्या पावसात डॅशबोर्डवर दिवे पेटवायला लागते. टाकीखाली जिथे वायरिंग चेसिसला बांधलेलं असतं तिथला रंग बघा. घासून लोखंड उघडं पडलं असेल तर गंज तिथून सुरू होतो. पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळीवरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथे खड्डा आहे आणि तो ऑइल सील कापणार. ॲल्युमिनियमच्या भागावर बोल्टाच्या भोवती पांढरी भुकटी असेल तर बोल्ट आत चिकटत चाललाय, सोडवताना डोकं तुटणार.

टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. ३११९ लिहिलं असेल तर २०१९ सालच्या एकतिसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी पूर्ण शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचा टायर ओल्या घाटात भरवशाचा नाही. नऊ हजारांवर गाडी मूळ टायरवर असू शकते. तसं असेल तर नवी जोडी हिशेबात धरा. मागचा ब्रेक दाबून बघा : या मॉडेलचा मागचा ब्रेक मुळातच मऊ असतो आणि त्यात हवा राहते, ही जगभरची तक्रार आहे. पूर्ण पोकळ लागला तर ब्रेक ऑइल बदलून हवा काढायला लागेल. पेट्रोलचा काटा नीट दाखवतो का बघा, त्याचा सेन्सर जातो. आणि किल्ल्या दोन्ही मागा. ही गाडी किल्ली खिशात ठेवून सुरू होते. एक किल्ली इलेक्ट्रॉनिक आणि एक साधी असते. एकच हातात दिली तर दुसरी कुठेय हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. एस मॉडेल असेल तर सस्पेन्शन बटणावर चालतं. बटण दाबून फरक प्रत्यक्ष जाणवतो का बघा, ते दुरुस्त करणं परवडणारं नसतं.

आणखी एक, आणि हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. २०१२ च्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०२७ पर्यंत. त्यानंतर पासिंग पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यायचं, आणि आयात दुचाकीची ही फी साध्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त आहे. एप्रिल २०२२ पासून ती दहा हजार रुपये झाली. आजचा आकडा तुमच्या आरटीओत विचारा, शिवाय महाराष्ट्रात जुन्या गाडीला पर्यावरण कर आहे. रक्कम बुडवणारी नाही, पण भाव करताना हाताशी असावी.

प्रश्न : माझी उंची पाच फूट दोन इंच. स्कूटर सोडून इतकी वर्षं साधी ३५० ची गाडी चालवतेय. इटालियन टुरिंग गाडी मला झेपेल का? सगळे नको म्हणतात.
*– एक प्राध्यापिका, दापोली*

झेपेल, ताई. मल्टिस्ट्राडा १२०० ची सीट ८५० मिलिमीटरवर आहे, ती तुम्हाला दाभोळ-धोपावे फेरीच्या उतरत्या रॅम्पवर त्रास देईल. तिथे पाय टेकायलाच हवा आणि खाली शेवाळ असतं. डुकाटीचीच २०१७ ची सुपरस्पोर्ट बघा : ९३७ सीसी, ११० च्या आसपास हॉर्सपॉवर, सीट ८१० मिलिमीटर आणि पुढे निमुळती. नाव रेसच्या गाडीचं असलं तरी हँडल वर आहे, लांब पल्ल्याला पाठ दुखत नाही, डबे लावता येतात. व्हॉल्व्हची तपासणीही ३०,००० किलोमीटरवर येते. बेल्ट मात्र याही इंजिनात आहेत, तेव्हा चिपळूणच्या वाचकांना दिलेलं उत्तर तुम्हालाही लागू. उंची कमी करायला मागची लिंक बदलून गाडी खाली बसवायचा सल्ला कुणी देईल, तो आधी ऐकू नका. बूट जाड तळव्याचे घ्या, सीटचा फोम चांगल्या कारागिराकडून दोन बोटं कमी करून घ्या, आणि मोकळ्या मैदानात इंजिन बंद ठेवून गाडी ढकलत आठचे आकडे काढा. वजनाची भीती तिथेच जाते.

प्रश्न : गोव्यात मोटो गुझी नॉर्ज जीटी ८व्ही विकायला आहे, जीए पासिंग. शाफ्टची गाडी म्हणून मोह होतोय : चेनला ऑइल नको, माती नको. सिंधुदुर्गात ठेवायची आहे. काय बघू?
*– निवृत्त बँक कर्मचारी, सावंतवाडी*

तुमचा मोह मला समजतो. गुझीचा कारखाना १९२१ पासून कोमो सरोवराच्या काठी मांदेल्लो देल लारिओ गावात आहे. १९२८ मध्ये संस्थापकांचे भाऊ ज्युसेप्पे गुझी तिथून गाडीने निघून नॉर्वेच्या उत्तर टोकापर्यंत गेले. मागच्या चाकाला सस्पेन्शन असलेली टुरिंग गाडी खडबडीत रस्त्यावर टिकते हे दाखवायला. त्या प्रवासावरून गाडीला नॉर्ज म्हणजे नॉर्वे हे नाव पडलं आणि २००६ मध्ये तेच नाव या १२०० च्या गाडीला दिलं. वाऱ्याने गार होणारी दोन सिलिंडरं दोन्ही बाजूंना बाहेर आलेली, मागे शाफ्ट, टाकी मोठी, पुढची काच बटणावर वर-खाली. उभ्या गाडीला रेस दिली की ती एका अंगाला किंचित हलते. घाबरू नका, क्रँक लांबीत बसवलेला असल्यामुळे तसं होतं. चालवताना जाणवतही नाही.

शाफ्टबद्दल तुमचं म्हणणं अगदी बरोबर. आपल्या तांबड्या मातीचा आणि पावसाचा जो लगदा चेनवर बसतो तो सँडपेपरसारखा स्प्रॉकेट खातो. शाफ्टला तो प्रश्नच नाही, फक्त मागच्या ड्राइव्हचं ऑइल वेळेवर बदलायचं आणि सीलजवळ ओघळ आहे का बघत राहायचं.

पण ८व्ही या दोन अक्षरांपाशी थांबा. आधीच्या नॉर्जमध्ये दोन व्हॉल्व्हचं, पुशरॉडचं इंजिन होतं. त्याच्या व्हॉल्व्हच्या फटी पाना आणि फिलर गेज घेऊन घरच्या पडवीत लावता येतात. २०११ पासून चार व्हॉल्व्हचं ८व्ही आलं, ताकद वाढली, पण त्याच्या सुरुवातीच्या इंजिनांत सपाट टॅपेट होते. टॅपेट म्हणजे कॅमवर टेकून त्याचा दाब व्हॉल्व्हकडे पोचवणारा तुकडा. त्यांच्यावरचा कडक थर झिजतो, मग टॅपेट कॅमला खायला लागतो आणि लोखंडाचा चुरा ऑइलमध्ये जातो. पुढे कंपनीने तिथे रोलरचे टॅपेट दिले आणि जुन्या इंजिनांसाठी रोलर किट काढली. तुमच्या गाडीत मूळचे रोलर आहेत, किट बसवलीय, की अजून सपाटच आहेत, याचं उत्तर बिलासकट मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका. आवाजावरून ठरवता येत नाही. छान गुणगुणणाऱ्या इंजिनातही कॅम खरवडलेला निघतो. उत्तर मिळालं नाही तर उघडून दाखवायची अट घाला. मालक तयार नसेल तर किटचा आणि कॅमचा पूर्ण खर्च धरून भाव करा, नाहीतर सोडा.

दुसरं, गुझी भारतात फार थोड्या आल्या. सुटा भाग बाहेरून मागवायला आठवडे जातात. क्लच केबल असो की फिल्टर, नेहमी लागणाऱ्या वस्तूंचा एक जोड घरात ठेवायची तयारी हवी. तुम्ही निवृत्त आहात, वेळ आहे, हात चालतो असं पत्रावरून दिसतं, म्हणून तुम्हाला ही गाडी मी नाकारणार नाही. रोज कामावर न्यायला कुणी विचारली असती तर नाही म्हटलं असतं.

कागदाचं थोडक्यात : गोव्याच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५. दुसऱ्या राज्याच्या नंबरावर गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, इथला नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो. तो किती पडेल हे व्यवहाराआधी ओरोसला आरटीओत विचारून या. बांदा ओलांडून रोज गोव्यात जाणाऱ्या गाड्या बघून ‘कोण विचारतंय’ म्हणू नका, अपघात झाला की विमा कंपनी नक्की विचारते.

प्रश्न : गुहागरला घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. जुनी डुकाटी आहे. पावसाळ्यात चार महिने उभी राहते. दर आठवड्याला पाच मिनिटं सुरू करतो. एवढं पुरतं ना?
*– एक हॉटेलचालक, गुहागर*

पाच मिनिटं सुरू करणं आजपासून बंद करा. पाच मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही. जळलेल्या पेट्रोलातून जे पाणी तयार होतं ते सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्येच राहतं, आणि स्टार्टरने बॅटरीतलं जे काढलं तेवढं परत भरतही नाही. उघडीप मिळाली तर पंचवीस-तीस किलोमीटर नीट चालवून आणा. नाहीतर चार महिने हातच लावू नका.

उभी करायची तर आगोटीच्या आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, अशी करा. ऑइल आणि फिल्टर आधी बदला, पावसाळा संपल्यावर नव्हे. जुन्या ऑइलमधली आम्लं चार महिने बेअरिंगवर बसून राहू नयेत. ब्रेकचं आणि क्लचचं ऑइल हवेतली ओल ओढतं, दोन वर्षांहून जुनं असेल तर तेही बदला. क्लचच्या खालच्या सिलिंडरभोवती ओलं दिसतंय का बघा, जुन्या डुकाटीत तो गळतो. कोरड्या क्लचची गाडी असेल तर प्लेटा गंजून एकमेकींना चिकटू शकतात. पावसानंतर पहिल्यांदा गिअर टाकताना पुढे माणूस उभा नको.

पेट्रोलचं जास्त लक्ष ठेवा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं आणि ओलीचं प्रमाण वाढलं की पाण्यासकट तळाशी बसतं, नेमकं जिथे पेट्रोल पंप असतो तिथे. टाकीला चुंबक लावून बघा. चिकटलं तर लोखंडी : ती काठोकाठ भरून ठेवा, वर मोकळी हवा राहिली नाही तर आतून गंजायला जागा उरत नाही. चुंबक चिकटलं नाही आणि टाकी प्लास्टिकची असेल तर उलटं करा, रिकामी करून झाकण सैल ठेवून वाळू द्या. त्या काळातल्या काही डुकाटींच्या प्लास्टिक टाक्या इथेनॉलने फुगतात आणि मग बोल्ट जागेवर येत नाहीत.

गोड्या पाण्याने धुवा, पण बेअरिंग आणि कपलरवर जोराचा फवारा मारू नका. दिवसभर उन्हात वाळवा. कपलर सोडवून आत डायइलेक्ट्रिक ग्रीसचा हात द्या. चेसिस, बोल्ट, फोर्कच्या नळ्या यांवर पातळ ऑइलचं फडकं फिरवा, ब्रेकच्या डिस्कला मात्र चुकूनही लागू देऊ नका. बॅटरी काढून घरात चार्जरवर ठेवा, आपोआप थांबणारा चार्जर घ्या. पावसात वीज जाते-येते, साध्या चार्जरचा भरवसा नाही. प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम धरतो. जुनी सुती चादर बरी. सायलेन्सरच्या तोंडात आणि एअरबॉक्सच्या वाटेत फडक्याचा बोळा घाला, कारण मांगरात भात असलं की उंदीर असणार आणि उंदराला वायरिंग आवडतं. बोळे किती घातले ते टाकीवर चिठ्ठी लावून लिहून ठेवा. शक्य असेल तर दोन्ही चाकं स्टँडवर उचला, नाहीतर हवा पाच-सहा पौंड जास्त भरून दर पंधरवड्याला गाडी हातभर पुढे ढकला.

बेल्टची तारीख याच वेळी डायरीत बघा. एसटीच्या काळातल्या इंजिनांना बेल्टची मुदत दोनच वर्षांची, २०,००० किलोमीटर झाले नसले तरी. मुदत पावसाळ्यात संपत असेल तर नारळी पौर्णिमेनंतर गाडी बाहेर काढताना पहिलं काम ते. तोवर ती सुरूही करू नका. मग बोळे काढा, चिठ्ठीशी ताडून बघा, ब्रेक दोन-चारदा दाबून चाक मोकळं फिरतं का बघा, आणि पहिले वीस किलोमीटर शृंगारतळीपर्यंत जाऊन परत या. घाटात त्यानंतर.